खैरमोड्यांचं नाव घेतलं पाहिजे

बाबासाहेबांवर बोलणारे, लिहिणारे आपण सगळे एका माणसाचं देणं लागतो. तो माणूस म्हणजे बाबासाहेबांचं अनेक खंडांचं चरित्र लिहिणारे चांगदेव भवानराव खैरमोडे. जयंतीच्या व्यासपीठावर हे नाव मला फार क्वचित ऐकू येतं आणि त्याचा मनापासून राग येतो.

खैरमोडे सातारा जिल्ह्यातल्या पाचवडचे, जन्म 1904 चा. बाबासाहेब परळच्या दामोदर हॉलमधून बहिष्कृत हितकारिणी सभेचं काम बघत होते, त्या काळापासून हा तरुण त्यांच्या सहवासात होता. पत्रं, पत्रकं, वर्तमानपत्रातला मजकूर जमवत राहिला. आज हे किरकोळ वाटेल. पण 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत' ही बाबासाहेबांची, पैशाअभावी बंद पडलेली वृत्तपत्रं. त्यांचे अंक जपून ठेवायला कुठलं विद्यापीठ पुढे येणार होतं? सरकारने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा पहिला खंड काढला तो 1979 साली. खैरमोडे 1971 मध्येच गेले होते.

खैरमोड्यांनी लिहिलेल्या बाबासाहेबांच्या चरित्राचा पहिला खंड 1952 चा. म्हणजे बाबासाहेब स्वतः हयात होते, चळवळीतले साथीदार होते, विरोधकही होते. लिहिलेलं खोटं असतं तर तोंडावर सांगणारे शेकडो लोक होते. एवढी जोखीम घेऊन चरित्र लिहायला छाती लागते.

हे खंड पसरट आहेत, अशी तक्रार मी अभ्यासकांकडूनच ऐकली आहे. आहेत पसरट! पत्रंच्या पत्रं, बातम्या जशाच्या तशा छापल्यात. म्हणूनच तर खैरमोड्यांचा निष्कर्ष पटला नाही तरी पुरावा आपल्या हातात राहतो. ते अनुयायी होते, तटस्थ नव्हते, असंही म्हणतात. 1927 साली महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायले म्हणून ज्यांनी मार खाल्ला, त्यांच्याबद्दल तटस्थ राहून कोणता इतिहास लिहायचा होता?

आणि द्वारकाबाई. नवऱ्यामागे उरलेले खंड छापून यावेत म्हणून त्या झटल्या. त्यांचा उल्लेख तर तळटीपेतही सापडत नाही.

6 डिसेंबरला शिवाजी पार्कात पुस्तकांच्या स्टॉलवर जाल, तेव्हा खैरमोड्यांचे खंड मागा. सगळे परवडणार नाहीत, एक घ्या. मी तरुण पोरांना महाडचा भाग आधी वाचायला सांगतो.