मागचा डावा स्पीकर

आमच्या गाडीच्या मागच्या डाव्या दारात एक स्पीकर आहे. म्हणजे होता. अकरा वर्षांत त्याने कधी तोंड वाकडं केलं नाही. गेल्या मार्चमध्ये मात्र त्याचा घसा बसला. कोणी ‘भ’ किंवा ‘ढ’ जरा जोर देऊन उच्चारला, की चुरमुऱ्याच्या पिशवीवर कोणीतरी बसल्यासारखा आवाज यायचा.

त्या दाराशी माझी मुलगी बसते. तिच्या कानात कायम स्वतःची बोंडं खोचलेली असल्यामुळे गाडीत काही वाजतं, हेच तिला ठाऊक नव्हतं. पुढे माझ्या शेजारी बाबा. त्यांना स्टीरिओकडून आयुष्यात एकच गोष्ट हवी असते : आकाशवाणी पुणे, मध्यम लहर, ७९२ किलोहर्ट्झ, सकाळी ७ वाजून ५ मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या. मी त्यांना रोज सारसबागेपाशी सोडतो. सिंहगड रस्त्याच्या कृपेने बातम्या संपायच्या आत आम्ही कधीच पोचत नाही, त्यामुळे बाबांची त्या रस्त्याबद्दल काही तक्रार नाही. खरखर त्यांच्याही कानावर येत असणार. पण बातम्यांत खरखर असायचीच, या समजुतीवर त्यांची हयात गेली आहे.

बायको म्हणाली, “आवाज कमी कर. खरखर जाईल.”

हा सल्ला किती शास्त्रशुद्ध होता, ते कळायला मला बेचाळीस हजार रुपये लागले.

मी गेलो नाना पेठेत. तिथे गाडीचा कुठलाही भाग मिळतो, फक्त गाडी लावायला जागा मिळत नाही. दुकानाच्या शेठनी मागच्या दारावर टिचकी मारली, कान दिला आणि चेहरा पाडला. “साहेब, एक स्पीकर मिळत नाही. जोडी येते.” ठीक आहे, जोडी घेऊ. “पण मागे नवे आणि पुढे जुने, म्हणजे गाणारा डिकीत बसून गातोय असं वाटणार.” बरं, पुढचेही घेऊ. “पण मग ह्या कंपनीच्या स्टीरिओला ते चार झेपणार काय? म्हातारा आहे तो.” मी म्हाताऱ्याकडे पाहिलं. दोन गोल बटणं, एक हिरवट काचेचा तुकडा आणि आत अडकून राहिलेली २०१६ सालची एक सीडी. सकाळपर्यंत तो मला घरातला माणूस वाटत होता. आता एकदम आश्रित वाटायला लागला.

शेठनी खोका उघडला. नऊ इंची पडदा, अँड्रॉइड, नकाशे, मागचा कॅमेरा. खोक्यावर ठसठशीत अक्षरांत : ५० वॅट गुणिले ४. मी दोनशे वॅटचा मालक झालो, या आनंदात बाबांना फोन लावला. बाबा चौतीस वर्षं एमएसईबीत होते. विजेच्या बाबतीत कोणी फुशारकी मारलेली त्यांना खपत नाही.

“इंजिन चालू असताना गाडीत व्होल्टेज किती?”

“चौदा-साडेचौदा असेल.”

“आणि स्पीकर?”

“चार ओहम.”

“मग कर हिशेब. एका स्पीकरला पंचवीस वॅटच्या वर स्वच्छ आवाज निघणार कुठून? तुझा शेठ आणतोय का खिशातून?”

मी शेठना विचारलं. ते जराही ओशाळले नाहीत. “साहेब, ते पीक आहे. आरएमएस वेगळं.” पीक म्हणजे बघायला आलेल्या मुलाने सांगितलेला पगार आणि आरएमएस म्हणजे महिन्याला हातात पडणारा, एवढं माझ्या ध्यानात आलं. आणि पगार कमी आहे असं कळल्यावर सगळे करतात तेच मी केलं : खर्च वाढवला. अँप्लिफायर घेतला. बाबांच्या एका बरोबर प्रश्नाने माझे साडेआठ हजार वाढले, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

काम करणाऱ्याला सगळे ‘उस्ताद’ म्हणत. वय फार तर तेवीस. दारांच्या आतली प्लॅस्टिकची पॅडं त्याने अशी काढली, की मला स्वतःचं सालपट निघाल्यासारखं वाटलं. ही पॅडं क्लिपांवर बसवलेली असतात. क्लिपा कारखान्यात एकदाच बसवायच्या म्हणून बनवलेल्या असाव्यात, कारण निघताना प्रत्येक क्लिप ‘टक्’ म्हणते आणि चारातली एक मरते. “क्लिपा तुटतायत का?” मी विचारलं. “तुटती नाही साहेब, ढिल्ली होती,” उस्ताद म्हणाला आणि तुटलेली क्लिप पायाने गटाराकडे सरकवली.

आतून जो स्पीकर निघाला तो पाहून मात्र मला दुकानदारांबद्दल थोडा आदर वाटला. लोहचुंबक केवढं, तर पेढ्याएवढं. कागदाचा शंकू, त्याला मागच्या बाजूला सुरकुतलेली चीर. एवढ्या भांडवलावर या बिचाऱ्याने अकरा वर्षं संसार केला होता. नवा स्पीकर हातात घेतला तर थेट पोळपाटाची आठवण यावी असा जड. पण तो नुसता लावून भागत नाही, असं कळलं. दार म्हणजे पोकळ पत्रा. त्यावर दणदणीत स्पीकर लावला, की स्पीकर कमी आणि दारच जास्त वाजतं. म्हणून पत्र्याला आतून डॅम्पिंगच्या शीट चिकटवायच्या : एका बाजूला चांदीसारखा कागद, दुसऱ्या बाजूला काळा चिकट थर. यात दोन जाती. स्वस्तातली डांबराची, ती पुण्याच्या मे महिन्यात घाम सोडते आणि गाडीत रस्ता दुरुस्तीचा वास भरून राहतो. महागातली ब्युटाइल रबराची. उस्तादाने रोलर फिरवून चारही दारांना वर्ख लावला. गाडीची काजूकतली झाली.

स्टीरिओच्या खाचेचंही एक माप ठरलेलं असतं. ते मूळचं जर्मन मानक, डीआयएन, म्हणून त्याला ‘डिन’ म्हणतात. जुनी एकेरी खाच १८० मिलिमीटर रुंद आणि ५० उंच. उंची दुप्पट झाली की डबल डिन. उस्ताद त्याला ‘डबल दिन’ म्हणायचा. मला वाटलं उच्चाराचा दोष आहे. संध्याकाळी सातला शेठ म्हणाले, “उद्या या,” तेव्हा खुलासा झाला.

दुसऱ्या दिवशी तारा जोडल्या. तारांच्या रंगांचं हे शास्त्र मी आता झोपेतही म्हणू शकतो. काळी म्हणजे अर्थ, अर्थिंगमधला. पिवळीत कायम वीज. लालमध्ये किल्ली फिरवल्यावरच. निळी अँटेनासाठी. पांढरी पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, आणि प्रत्येकीची काळ्या रेघेची एक जोडीदारीण, ती ऋण. उस्तादाला हे सगळं पाठ होतं. अडचण एवढीच, की त्याच वेळी त्याच्या मावसभावाचा फोन आला होता.

गाडी घेऊन घरी आलो. खाली सगळ्यांना बोलावलं. किल्ली फिरवली. पडद्यावर रोबो आला, मग गोल फिरणारं चक्र आलं, मग त्या यंत्राने माझी भाषा विचारली. मी मराठी निवडली. देश निवडला, घड्याळ लावलं, फोन जोडला, रात्री गाडी बंद केली. सकाळी किल्ली फिरवली, तर त्याने परत माझी भाषा विचारली. रोज सकाळी नवी ओळख. स्वतःच्या गाडीने आपल्याला इतकं परकं मानावं? तीन दिवसांनी बाबा म्हणाले, “पिवळी आणि लाल उलट जोडलीय. त्याला रात्री उपाशी ठेवताय, तो सकाळी सगळं विसरणार नाही तर काय?” तसंच निघालं.

ते दुरुस्त झालं, तर सूर लागायला लागला. गाण्याच्या मागे एक बारीक ‘कुंईईई’. ॲक्सिलरेटर दाबला की तो चढायचा, सोडला की उतरायचा. पहिल्या गिअरला मंद्र, तिसऱ्याला पंचम. एकदा मुंबई-बंगळुरू हायवेला ऐंशीच्या वेगात तार षड्ज इतका स्वच्छ लागला, की बायको म्हणाली, “आता तानपुरा तरी काढून टाक मागचा.” हा अल्टरनेटरचा, म्हणजे गाडीची वीज तयार करणाऱ्या यंत्राचा आवाज. अँपच्या वीजेची जाड लाल केबल आणि आवाजाची बारीक केबल उस्तादाने एकाच बाजूने, एकमेकींच्या गळ्यात गळा घालून नेल्या होत्या. वर अँपचा अर्थ रंगावरच स्क्रूने आवळला होता. रंग खरवडून पत्रा उघडा केल्याशिवाय अर्थाला काही अर्थ नसतो. परत नाना पेठ, परत पॅडं, परत ‘टक्’.

मग तबला गेला. सगळं स्वच्छ ऐकू येतं, सतार, झांजा, गायकाने घेतलेला श्वाससुद्धा. फक्त डग्गा नाही. या वेळी मी नाना पेठेत गेलोच नाही. बाबांनी घड्याळातून दीड व्होल्टचा सेल काढला, दोन तारा लावून एकेका स्पीकरला टेकवल्या. तीन शंकू बाहेरच्या बाजूला उडाले, एक आत गेला. एकाच्या धन-ऋण तारा उलट जोडलेल्या. बाकीचे हवा पुढे ढकलत असताना हा मागे ओढत होता, आणि सगळ्यांची मिळून खालच्या सुरांत नुसती वजाबाकी. आमच्या सोसायटीच्या कमिटीत हे मी अनेक वर्षं बघतो आहे, पण तिथे सेल लावून बघायची सोय नाही. उलटा निघाला कोणता, हे सांगायलाच हवं का? मागचा डावा.

डग्गा परत आला आणि खरे हाल तेव्हापासून सुरू झाले. जुना स्टीरिओ मोठा सभ्य होता. गाडीतलं काही हलणार नाही एवढंच तो वाजवायचा. आता दर थापेला नंबर प्लेट झणझणते. मागची पार्सल ट्रे टाळ वाजवते. डॅशबोर्डवरचा गणपती उजवीकडे सरकत सरकत एअर कंडिशनरच्या जाळीपर्यंत जातो. हातमोज्यांच्या कप्प्यात (त्यात हातमोजे कोणी ठेवतं का कधी?) कुठेतरी पाच रुपयांचं नाणं आहे, ते सापडत नाही, पण ठेका चुकवत नाही. मी नंबर प्लेटच्या मागे फोम लावला, ट्रेच्या कडेला वेलक्रो. प्रत्येक आवाज बंद केला की त्याच्या मागे दबून बसलेला दुसरा पुढे येतो. एवढा खर्च मी गाणं ऐकायला केला, आणि आता गाणं चालू असताना गाणं सोडून बाकी सगळं ऐकतो.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला. मागच्या डाव्या पायाखाली पाणी. दाराच्या पॅडमागे एक प्लॅस्टिकचा पडदा असतो. काचेवरून दारात उतरणारं पाणी तो बाहेरच्या बाजूला ठेवतो. उस्तादाने तो फाडून काजूकतली लावली होती. मुलीने आयुष्यात पहिल्यांदा कानातलं बोंड काढलं आणि म्हणाली, “बाबा, इथे पाणी आहे.” परत बोंड घातलं.

या सगळ्यात सात-पाचच्या बातम्यांचं काय? पडद्यावर एएमचं बटण होतं. दाबलं. आतून कोणीतरी अखंड भजी तळत होतं. उस्तादाने निळी तार जोडलेलीच नव्हती. ती जोडल्यावर अँटेनाला वीज मिळाली आणि एफएम खणखणीत झालं. एएमवर मात्र घाणा चालूच. या यंत्राचा स्वतःचाच विजेचा गोंगाट मध्यम लहरीवर पडतो म्हणे. शेठ म्हणाले, “साहेब, एएम आता ऐकतो कोण?” मी शेजारी बसलेल्या गृहस्थांकडे बघितलं नाही. ते खिडकीबाहेर बघत होते. त्या आठवड्यात सिंहगड रस्ता त्यांना पहिल्यांदाच लांब वाटला.

गेल्या रविवारी सकाळी गॅलरीतून बातम्या ऐकू आल्या. जाऊन पाहतो तर मी रद्दीत टाकलेला म्हातारा कपडे वाळत घालायच्या स्टँडखाली पाटावर बसलेला. इन्व्हर्टरच्या बॅटरीपासून दोन तारा, मध्ये नीट फ्यूज. वीज तुटल्यामुळे, आपल्याला चोरून आणलं की काय या संशयाने त्याने कोड मागितला होता. तो बाबांनी गाडी घेतली त्या दिवशीच पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता. अँटेना म्हणून वाळत घालायची तार. आणि पुढचे दोन जुने स्पीकर दोन माठांच्या तोंडांवर पालथे, जसे आमच्या लहानपणी चाळीत असायचे. आवाज असा गोल आणि भरदार, की मी पायजम्यातच पायरीवर टेकलो. बायकोने न विचारता चहा आणून ठेवला.

हवामान चालू झालं.

“बाबा,” मी म्हणालो, “डावा माठ जरा खरखरतोय का हो?”

बाबांनी काही न बोलता स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि खिशात घातला.