‘इलमॅटिक’ भारी की आत्ताचं भारी? बंद करा ही भंकस!

रॅपर नासच्या ‘इलमॅटिक’ या जुन्या अल्बमचं नाव काढायचा अवकाश, वाद गाणी सोडून थेट खपावर घसरतो. आत्ताच्या रॅपचे चाहते म्हणतात, “आमच्यावाला पहिल्याच आठवड्यात नंबर वन, तुमचा किती विकला?” अरे, मोजायची फूटपट्टीच बदललीय! डिसेंबर २०१४ पासून बिलबोर्ड, म्हणजे अमेरिकेतली खपाची यादी काढणारे, १५०० स्ट्रीम (नेटवर गाणं वाजणं) म्हणजे एक अल्बम धरायला लागलं. २०१८ च्या मध्यात त्याचे पैसे भरणाऱ्यांसाठी १२५० आणि फुकट्यांसाठी ३७५० झाले. म्हणजे गाणी जितकी जास्त, तितके स्ट्रीम जास्त. त्याच वर्षी मिगोस या रॅप ग्रुपच्या ‘कल्चर २’ वर २४ गाणी, रॅपर ड्रेकच्या ‘स्कॉर्पियन’वर २५. १९९४ चा ‘इलमॅटिक’ दहा ट्रॅकचा, चाळीस मिनिटांत खेळ खलास. प्लॅटिनम (दहा लाखांचा खप) व्हायला २००१ उजाडलं. आता लावा तुलना!

जुन्याचे भक्त त्यांच्या वरताण. “तेव्हाचं सॅम्पलिंग (जुन्या गाण्याचा तुकडा उचलून नव्यात लावणं) अस्सल होतं!” एसपी-१२०० या तेव्हाच्या सॅम्पलिंग मशीनमध्ये सगळे सॅम्पल मिळून जेमतेम दहा सेकंद मावायचे. म्हणून मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ वर फिरवून सॅम्पल घ्यायचा आणि मशीनमध्ये त्याचा वेग पुन्हा खाली उतरवायचा. तो मळकट, खरखरीत ड्रम या काटकसरीतून आणि मशीनच्या १२ बिटच्या भरड डिजिटल आवाजातून आलाय, कसल्या पावित्र्यातून नाही. १९९१ मध्ये सॅम्पलच्या खटल्यात रॅपर बिझ मार्कीविरुद्ध निकाल लागला आणि परवानगीशिवाय सॅम्पल वापरणं महागात पडायला लागलं. डे ला सोल या रॅप ग्रुपचा १९८९ चा पहिला अल्बम म्हणजे सॅम्पलची गोधडी. परवानग्यांच्या घोळात तो स्ट्रीमिंगवर यायला मार्च २०२३ लागला. आजच्या पोरांनी तसंच करावं म्हणणाऱ्यांनी आधी वकिलाची फी भरावी.

आणि ‘प्रभाव’ म्हणजे काय, हे तरी ठरवा. शुक्रवारी अल्बम येतो, शनिवारी ‘क्लासिक’! रॅपर कान्ये वेस्टचा ‘८०८ज अँड हार्टब्रेक’ २००८ मध्ये आला तेव्हा ऑटो-ट्यून (मशीनने सुरात बसवलेला आवाज) ऐकून नाकं मुरडली होती, नंतरचा निम्मा गाता रॅप त्याच वाटेने गेला. बीट बनवणाऱ्या जे डिलाचे ठोके ग्रिडवरून, म्हणजे मशीनच्या काटेकोर तालावरून, जरा घसरलेले असायचे. क्वेस्टलव्हसारखा पट्टीचा ड्रमर ते हाताने वाजवायला शिकला. डी’अँजेलोच्या २००० च्या ‘वूडू’ अल्बमवर ऐका. याला म्हणतात प्रभाव.

शफलवर (गाण्यांचा क्रम विस्कटून) ऐकून रँकिंग लावणाऱ्यांनी तर तोंडच उघडू नये. रॅपर केंड्रिक लमारच्या ‘टू पिंप अ बटरफ्लाय’ अल्बममध्ये एक कविता तुकड्यातुकड्याने वाढत जाते आणि शेवटच्या ट्रॅकवर पुरी होते. हे शफल लावून तिचे तुकडे करणार, आणि वर आपल्यालाच ऐकवणार, “ओव्हररेटेड आहे यार, काही कळलंच नाही.”