निपरची धार गेली की दुकानदाराचा सल्ला एकच: नवीन घ्या

पायांची निगा राखण्याचे काम गोव्यात करणाऱ्या माणसाला निपरची, म्हणजे जाड नखे कापायच्या पकडीसारख्या हत्याराची, धार गेल्यावर दोन वाक्ये हमखास ऐकावी लागतात, आणि त्या दोन्ही वाक्यांचा मला आता मनापासून संताप येऊ लागला आहे. वैद्यकीय साहित्य विकणारा दुकानदार निपर हातातही न घेता सांगतो, "मॅडम, ह्याला आता कोण धार लावत बसणार? नवीनच घ्या." धार लावणारा माणूस तोच निपर हातात पडताक्षणी म्हणतो, "ठेवून जा, आत्ता करून देतो." एकाला माल खपवायचा असतो आणि दुसऱ्याला चाक फिरवायचे असते; निपरकडे नीट पाहण्याची गरज मात्र दोघांपैकी एकालाही वाटत नाही.

पाहायचे असते ते आधी सांध्याकडे. दोन्ही मुठी धरून पाती आडवी हलवून पाहावीत. ती एकमेकांवरून सरकत असतील, तर सांधा झिजलेला आहे आणि जगातला कोणताही कारागीर त्या निपरला कामाचा करू शकणार नाही, कारण धार कितीही चांगली लावली तरी पाती समोरासमोर येणारच नाहीत. पात्यांवर खोल खड्डे पडले असतील किंवा सांध्यापाशी बारीक तडा दिसत असेल, तर तो निपर टाकून द्यावा, त्यावर चर्चाही नको. पण सांधा घट्ट असेल, पाती शाबूत असतील आणि गेली असेल ती केवळ धार, तर ते हत्यार टाकून देणे म्हणजे शिवण उसवली म्हणून सदरा कचऱ्यात घालण्यासारखे आहे. एवढी साधी तपासणी दुकानात उभ्या उभ्या होऊ शकते, आणि तरीही ज्याचे पोट ह्या हत्यारांच्या विक्रीवर चालते त्याने ती करून दाखवल्याचे मला आठवत नाही.

उलट त्याच्याकडे शास्त्र तयार असते. म्हणे ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने हत्यारे निर्जंतुक करण्याच्या यंत्रात, रोज तापवल्याने पोलाद मऊ पडते आणि म्हणून धार पुन्हा टिकणारच नाही. ऑटोक्लेव्हचे तापमान 121 किंवा 134 अंश सेल्सिअस असते, आणि चांगल्या निपरचे कठीण केलेले स्टेनलेस पोलाद तेवढ्या उष्णतेने मऊ होत नाही; ते मऊ पडायला त्याहून पुष्कळ जास्त ताप लागतो. धार जाते ती वेगळ्या कारणांनी. जाड, बुरशीने भरलेले नख थोडे थोडे न कापता एकाच घासात तोडले जाते, निपर हायपोक्लोराइट ह्या ब्लीचसारख्या जंतुनाशकाच्या द्रावणात तासन्‌तास बुडवून ठेवला जातो, धुतल्यावर सांधा उघडून कोरडा केला जात नाही. त्यात आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर ह्या दिवसांत इथे कपाटातले कपडेसुद्धा कोरडे राहत नाहीत. मग ओल्या सांध्यानिशी ट्रेमध्ये ठेवलेल्या निपरवर तांबूस ठिपके दिसले तर त्यात नवल ते काय? हे सारे विकणाऱ्याने विकतानाच सांगायला हवे. पण सांगितले तर पुढचा निपर कसा खपणार!

बरे, नवीन म्हणून जे हातात पडते त्याची कथा आणखी निराळी. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'जर्मन स्टील' असे छापलेले असते. कारखान्याचे नाव नाही, पोलादाचा प्रकार नाही. पाती हलकेच मिटून दिव्यासमोर धरावीत तर मधून उजेडाची रेघ दिसते. कात्रीची पाती एकमेकांना घासून पुढे जातात, म्हणून तिथे थोडेफार भागून जाते; निपरच्या दोन्ही धारा मात्र समोरासमोर येऊन टेकतात, आणि जिथे फट राहते तिथे नख कापले न जाता चिरडते. म्हणजे झिजलेल्या चांगल्या निपरच्या जागी आपण पहिल्या दिवसापासून बोथट असलेला निपर घ्यायचा, त्याचे पैसे द्यायचे, आणि वर बदलून मागितल्यावर "वापरलेला माल परत घेत नाही" हे उत्तर ऐकून घ्यायचे.

धार लावणाऱ्यावर मी जास्त चिडू शकत नाही, कारण त्याचे कसब खोटे नाही. नारळ उतरवणाऱ्या पाडेल्याचा कोयता असो वा स्वयंपाकघरातली विळी, त्याच्या हातून धार उत्तमच लागते. पण त्याच चाकावर निपर धरला की ठिणग्या उडतात, पात्याचे टोक निळसर होते, आणि जे काम ऑटोक्लेव्ह वर्षानुवर्षे करू शकला नव्हता ते काही क्षणांत होऊन जाते: तिथले पोलाद खरोखरच मऊ पडते. शिवाय एका पात्यावरून थोडे अधिक पोलाद गेले की दोन्ही धारा जुळत नाहीत आणि टोके टेकली तरी मध्ये फट राहते. निपरला धार लावायची ती बारीक दगडावर किंवा हिऱ्याच्या कानशीने, हाताने, दोन्ही पाती सारखी झिजवत, तापू न देता आणि दर थोड्या वेळाने मिटून उजेडात पाहत. त्याला वेळ लागतो आणि त्याचे पैसेही जास्त द्यावे लागतात. मी ते आनंदाने देईन. पण घेणार कोण? गोव्याबाहेर कुरिअरने पाठवायचे, आठवडे वाट पाहायची आणि तोवर दुसऱ्या संचावर दिवस काढायचे, एवढाच मार्ग उरतो.

"नखेच तर कापायची आहेत, एवढा काय बाऊ?" असे विचारणाऱ्यांनी जरा आपल्याच राज्याकडे पाहावे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर ह्या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या इंडियाब ह्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वाधिक आढळले ते गोव्यात, 26.4 टक्के. मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे, त्यांना बोथट निपरने कातडी चिमटली तरी कळत नाही. कळते ते जखम चिघळल्यावर. चिरडलेल्या नखाची कोपऱ्यात राहिलेली बारीक कुसळ मांसात शिरते, आणि त्या दुखण्याचा दोष शेवटी नख कापणाऱ्याच्या माथी येतो. बोथट हत्यार दाबताना आमच्या अंगठ्याच्या बुडाशी जी कळ उठते तिची तर कोणी दखलही घेत नाही.

आणि कळस म्हणजे स्प्रिंग. सांधा घट्ट, धार उत्तम, फक्त मुठींमधली स्प्रिंग तुटलेली. ती सुटी मिळेल का म्हणून विचारले तर काउंटरवरचा मुलगा माझ्याकडे दयेने पाहतो आणि तेच 'जर्मन स्टील'चे खोके पुढे सरकवतो. निपर विकणाऱ्याने त्याच निपरच्या चार स्प्रिंगा खणात ठेवाव्यात, पैसे घेण्याआधी खोके उघडून पाती दिव्यासमोर धरून दाखवावीत आणि पोलादाचा प्रकार बिलावर लिहून द्यावा. ह्यातले काहीच करायचे नसेल, तर निदान माझा निपर हातात न घेता तो टाकाऊ झाल्याचा निकाल तरी त्याने देऊ नये.