टाकीत पडलेले पैसे

गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम मी बारा वर्षांपूर्वी फ्री पास्कलमध्ये हौसेने लिहून दिला, आणि ती हौस मी अजून फेडतो आहे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असल्याने खजिनदार नाना परवा कागद घेऊन आले. "अहो, टाकी धुवायला चार हजार दिले होते, छापून अकरा हजार दोनशे आलेत. टाकीत गुलाबपाणी घातलं होतं का?"

कुठला तरी आकडा आपली जागा सोडून शेजारच्या घरात शिरत असावा, अशी मला शंका आली. पास्कल भाषेचा कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या ओळींचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारा, ही घुसखोरी पकडतो, पण सांगितले तरच; रेंज तपासणी मुळात बंद असते. ती चालू करण्यासाठी महिरपी कंसात डॉलर, आर आणि प्लस असे फाइलीतच लिहावे, किंवा कंपायलर चालवताना कमांड लाइनवर डॅश, कॅपिटल सी, स्मॉल आर असे द्यावे.

मी फाइलीत लिहिले. काहीही घडले नाही. अर्ध्या तासाने दिसले की, कंस आणि डॉलर यांच्यामध्ये मी सवयीने एक जागा सोडली होती. तेवढ्याने आज्ञेची साधी टीप होते आणि टिपांकडे कंपायलर, आमच्या सभेतल्या सूचनांप्रमाणे, ढुंकूनही पाहत नाही. चिडून मी कमांड लाइनकडे वळलो, तर तिथे कॅपिटल आर पडला. तोही पर्याय वैध आहे, फक्त तो भलतेच काही, ऑब्जेक्टच्या मेथडची हाक, तपासतो, म्हणजे चोर शोधायला बोलावलेला शिपाई दिवाबत्ती पाहून गेला.

अखेर स्मॉल आर दिला, तरी शांतताच. कारण फाइलीत खाली कोणीतरी तोच आर मायनस लावून ठेवला होता, आणि कमांड लाइनचा हुकूम आधी, फाइलीतला नंतर, म्हणून शेवटी बोलणाऱ्याचे खरे. शेजारी "तात्पुरते" अशी टीप होती. अक्षर ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. हा प्रोग्रॅम माझ्याशिवाय कोणी उघडत नाही.

ती ओळ काढताच प्रोग्रॅम कोसळला आणि मला अत्यानंद झाला. यादीत जागा २४ फ्लॅटांना, आणि यंदा तळमजल्याचे दुकान २५वे सभासद झालेले. त्याचे अकरा हजार दोनशे थेट टाकीच्या खर्चावर जाऊन बसत होते. मी हे समजावणार, तोच नानांनी चष्मा वर करून पडद्यावरची, रेंज मोडल्याची खूण असलेली ओळ वाचली: रनटाइम एरर २०१.

"वाटलंच मला," ते चपला घालत म्हणाले, "२०१ वाल्यांची तीन महिन्यांची थकबाकीही आहे. आत्ताच जाऊन बघतो त्यांच्याकडे."