टेन्शनवर तमालपत्र

सांगलीत टेन्शन फुटात मोजतात. जुलै-ऑगस्टमधे सकाळी उठल्यावर आमच्याकडं कुणी "बरंय का" विचारत नाही, "आयर्विनला किती?" असं विचारतात, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटावर आलंय. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, आणि 2019 ला पाणी 57 च्या वर गेलेलं ज्यानं बघितलंय त्याला 35 ला पण झोप लागत नाही. त्यात कोयनेतनं किती सोडलं, अलमट्टीतनं पुढं किती गेलं, हे रात्री दोन वाजता फॉरवर्ड करणारी सगळी माणसं माझ्याच ग्रुपवर कशी काय जमलीत देव जाणे.

माझी ही अवस्था बघून कन्येनं उपाय काढला, तमालपत्र. रीलमधे एक गोरी बाई पांढऱ्याशुभ्र किचनमधे बसते, पानावर इच्छा लिहिते, पान पेटवते, विझवते, आणि त्या धुरात डोळे मिटून मंद हसते. "पप्पा करून बघा, एकदम रिलॅक्स वाटतं म्हणे." म्हणे.

आता रीलमधलं पान आणि आपलं पान एक नव्हंच. ते भूमध्य समुद्राकडचं, लॉरेल, ग्रीक लोक ज्याचे मुकुट घालायचे ते, त्याला मधे एकच मोठी शीर. आपल्या तमालपत्राला देठाकडनं टोकापर्यंत तीन शिरा जातात आणि वास दालचिनी-लवंगेकडं झुकतो. दोघं एकाच भावकीतले खरे, पण भावकी म्हटल्यावर गुण सारखे असतात असं कुठंय? हे सगळं मी सांगितलं तर कन्या म्हणाली, तुम्ही ना नुसतं निगेटिव्ह बोलता. गणपती पेठेत गेलो तर दुकानदार विचारतोय, किती किलोचा मसाला करायलाय, ऑगस्टमधे कोण मसाला करतंय का! त्याला काय सांगू, मनःशांतीसाठी न्यायलोय म्हणून? पावशेर घेतलं गुपचूप.

लिहायचं काम मात्र सोपं नाही हो. पानाची वरची बाजू एवढी गुळगुळीत की बॉलपेन नुसतं घसरतंय, उमटत काहीच नाही. शेवटी कन्येचं स्केचपेन घेऊन मागच्या बाजूला "मला शांतता हवी आहे" लिहायला घेतलं तर "हवी" ला पान उभं चिरलं. मग दुसऱ्या पानावर नुसतं "शांतता" लिहिलं आणि तेवढ्यात बायको मागं येऊन उभी.

"कुणापासनं?"

या प्रश्नाला बरोबर उत्तर नसतं, लग्न झालेल्यांना माहितीय. मी म्हटलं, पुरापासनं. "मग तसं लिहा की स्पष्ट, पूर म्हणून, असं मोघम कशाला लिहायलाय?" आतनं आईचा आवाज, "माझं नाव घातलंय का बघ गं त्यात." मी ते पान उलटंपालटं करून दोघींना दाखवलं, नाव नाही कुणाचं, तरी दोघींच्या चेहऱ्यावर संशय तसाच.

पेटवायची वेळ आली तर काडेपेटी सादळलेली. म्हणून सांडशीत धरून पान गॅसवर नेलं. तमालपत्रात तेल असतंय, ते तडतडायला लागलं, ठिणगी उडाली, काळी राख सरळ दुधाच्या पातेल्यात, आणि बाहेर धो धो पाऊस म्हणून खिडक्या सगळ्या बंद, त्यामुळं धुराला जायला जागाच नाही. वास म्हणाल तर थेट मसालेभाताचा. धूर कशाचाही असला तरी छातीला तो धूरच, आईला दमा आहे, ती खोकत बाल्कनीत गेली. वरचे काका टॉर्च घेऊन खाली, "वायरिंग जळायलंय तुमचं!" असं म्हणत विचारायच्या आत त्यांनी मेन स्विच पाडला पण, तोही गडबडीत अख्ख्या बिल्डिंगचा. खालच्या काकू वर आल्या, अंधारात नाकानं वास घेत, "मसालेभात टाकलाय काय वैनी?" सगळ्यांची सीरियल बुडाली त्यामुळं सगळे जिन्यात, आणि मी मधोमध हातात सांडशी घेऊन, सांडशीत अर्धं जळकं पान, त्यावर "शांत" एवढंच शिल्लक.

काकांनी टॉर्च मारून ते वाचलं सुद्धा.

शेवटी त्या रात्री खरंच मसालेभात टाकावा लागला, काकूंना डबा द्यावा लागला. उरलेली पानं आईनं ताब्यात घेतली, एप्रिलमधे डंकावर मसाला कुटायला नेताना लागतील म्हणून. थोडी बायकोनं तांदळाच्या डब्यात टाकली, किडे होत नाहीत म्हणते. त्यातल्या एका पानावर तिनं स्केचपेननं काहीतरी लिहिलंय, हे मी लांबनं बघितलं. काय लिहिलंय विचारलं तर हसते, आणि तेव्हापासनं तांदूळ काढायला मला डब्याजवळ जाऊ देत नाही. आयर्विनचं पाणी उतरलं परवा, 22 वर आलंय, पण मला झोप नाही.