सावळज गटातून आता कोण येणार?

नोव्हेंबर 2024 मध्ये माझ्या दोन्ही घरी निवडणूक होती. 20 तारखेला महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान झालं, 29 तारखेला आयर्लंडमध्ये संसदेचं. तासगाव-कवठेमहांकाळमधून रोहित पाटील पंचविसाव्या वर्षी निवडून आले, त्या विधानसभेतले सर्वांत तरुण आमदार ठरले, आणि परदेशात राहणाऱ्या आम्हा तासगावकरांत जुना वाद पुन्हा पेटला. बहुतेकांचं म्हणणं असं, की आपल्याकडे लोकशाही नाहीच, वारसाहक्क आहे. आधी आबा, म्हणजे आर. आर. पाटील, मग वहिनी सुमनताई, आता मुलगा रोहित. युरोपात असं चालेल का?

चालतं. मी राहतो त्या देशात तर फार चालतं. एन्डा केनी 1975 मध्ये वडील वारल्यावर झालेल्या पोटनिवडणुकीत निवडून आले, वय चोवीस. ब्रायन कोवेन 1984 मध्ये तसेच आले, वय तेच. पुढे दोघंही पंतप्रधान झाले. इथला खासदार शनिवारी गावात बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकतो, कुणाचं घर, कुणाचं मेडिकल कार्ड. खेडेगावात मयत झालं की तो हजर असतो. आपल्याकडे रक्षाविसर्जनाला साहेब आले होते का, हे वर्षानुवर्षं लक्षात ठेवलं जातं. इथंही लोक विसरत नाहीत. त्यामुळे तासगावच्या मतदाराला मागासलेला म्हणणाऱ्या माझ्या मित्रांशी मी सहमत होऊ शकत नाही. दुःखात धावून आलेल्या घराला मत देणं ही जगभरची माणुसकी आहे.

शिवाय 2024 चा तो विजय कुणी ताटात वाढून दिला नव्हता. 2015 ची पोटनिवडणूक वेगळी होती. तेव्हा आबा नुकतेच गेले होते, मोठ्या पक्षांनी उमेदवार दिले नाहीत आणि सुमनताई लाखाहून जास्त मताधिक्यानं निवडून आल्या. या वेळी समोर संजयकाका पाटील होते, दोन वेळा खासदार राहिलेले, तालुक्यात घट्ट मुळं असलेले. आबांच्या मुलाला गावोगाव फिरूनच जिंकावं लागलं. त्याच वर्षी लोकसभेला सांगलीनं संजयकाकांना पाडून अपक्ष विशाल पाटलांना निवडलं होतं. बंड खरं होतं, पण बंड करणारेही वसंतदादांचे नातू. पक्ष झुगारला तरी मतदाराच्या हाताला घराणंच लागलं, आणि मला खरी चिंता तिथं वाटते.

आर. आर. पाटील कोणत्या घराण्यातले होते? अंजनीसारख्या लहान गावातला पोरगा. सांगलीत ‘कमवा आणि शिका’ योजनेत राबून शिकला. 1979 मध्ये, बाविशीच्या आसपास, जिल्हा परिषदेत गेला तो सावळज गटातून, आणि 1990 मध्ये आमदार होईपर्यंत तिथंच होता. ही अकरा वर्षं लोक सहज ओलांडून पुढं जातात. मला ती त्यांच्या मंत्रिपदापेक्षा महत्त्वाची वाटतात. शाळेची गळकी खोली, दवाखान्यात डॉक्टर नसणं, पाणंदीचा रस्ता, नळयोजनेची मोटर जळणं, या सगळ्यांशी झेडपी सदस्याचा रोजचा संबंध येतो. ग्रामविकासमंत्री झाल्यावर त्यांनी गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढलं आणि गावच्या गावं खराटा घेऊन उतरली, पुढं गृहमंत्री असताना 2007 मध्ये तंटामुक्ती आली, ती झेडपीत घडलेल्या माणसाची कामं होती. ते चुकलेही. 26/11 नंतरच्या, ‘मोठ्या शहरांत अशा छोट्या घटना होतात’ या अर्थाच्या त्या एका वाक्यानं त्यांना उपमुख्यमंत्रिपद सोडावं लागलं आणि ते योग्यच झालं. पंचवीस वर्षांच्या आमदारकीनंतर पक्षाला त्या तालुक्यात घराबाहेरचं दुसरं नाव सापडलं नाही, यातही त्यांचा वाटा आहे असं मी मानतो. पण ते स्वतः आले ते बाहेरून, आणि ज्या दारानं आले ते दार तेव्हा उघडं होतं.

2022 च्या मार्चमध्ये सांगली जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि तिथं प्रशासक बसला. साताऱ्यातही तेच झालं. ओबीसी आरक्षण, गटरचना, कोर्टाच्या तारखा, कारणं बरीच होती. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यावी असं राज्यघटनेचं 243-ई कलम सांगतं. तरीही लोकसभा झाली, विधानसभा झाली, झेडपी मात्र झाली नाही. सुप्रीम कोर्टानं मे 2025 मध्ये चार महिन्यांची मुदत घातली, तेव्हा कुठं हालचाल सुरू झाली. या काळात आम्ही परदेशस्थ मंडळी कशावर भांडत होतो? कराड दक्षिणमध्ये माजी मुख्यमंत्री पृथ्वीराजबाबा चव्हाणांसारखा अमेरिकेत शिकलेला माणूस कसा पडला, यावर. झेडपीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

नुकसान कुणाचं झालं, हे पाहायला हवं. आमदाराच्या मुलाला झेडपीची गरज नसते, त्याचं नाव आधीच घराघरात पोचलेलं असतं. सेवा सोसायटीत काम करणारा तरुण, बचत गटातून पुढं आलेली बाई, सरपंचकीची एक टर्म केलेला शेतमजुराचा मुलगा, यांना तिकीट मागायला दुसरी जागाच नाही. 2022 मध्ये पंचविशीत असलेल्या अशा पोरीनं तीन-चार वर्षं नुसती वाट पाहिली. राजकारणात तेवढ्या काळात माणूस नाद सोडून देतो किंवा कुणाच्या तरी गाडीत मागं बसायला लागतो.

इथं एक हिशेब मांडतो. आयर्लंडमध्ये साधारण तीस हजार लोकसंख्येमागं एक खासदार आहे. सांगलीच्या ग्रामीण भागात 2011 च्या जनगणनेनुसार साधारण 21 लाख लोक, आणि 2017 मध्ये झेडपीच्या जागा साठ. म्हणजे गटामागं पस्तीस हजार. ज्या युरोपशी आपण तुलना करतो, तिथला खासदार आकारानं आपल्या झेडपी सदस्याएवढा आहे. एवढा मुलूख सायकलवर, पायी, दारोदार फिरून जिंकता येतो. आमदाराच्या मतदारसंघात तीन लाखांवर मतदार असतात आणि खर्चाची कायदेशीर मर्यादाच चाळीस लाख रुपये आहे. इतके पैसे एखाद्या नव्या आर. आर.नं आणायचे कुठून? आयर्लंडमध्ये घराणी असूनही नवी माणसं येत राहतात, त्याचं मोठं कारण मला या लहान आकारात दिसतं. दुसरं कारण म्हणजे त्यांच्या कौन्सिलच्या निवडणुका ठरल्या वर्षी होतात.

जून 2024 मध्ये त्या झाल्या आणि मी मत दिलं. मी आयर्लंडचा नागरिक नाही, पण इथं राहणाऱ्या प्रत्येकाला तो हक्क आहे. माझ्या दारात तीन उमेदवार स्वतः येऊन उभे राहिले. त्यातली एक मुलगी पंचविशीची असेल, तिनं गटाराच्या तक्रारीची वहीच सोबत आणली होती. त्या वर्षी माझ्या आईवडिलांच्या गावात झेडपीचा सदस्य नावालाही नव्हता. अनिवासी भारतीयाला नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला केंद्रावर स्वतः हजर राहावं लागतं, म्हणून आमच्यातले फार थोडे जातात. मतदानाची ही अडचण आहेच, तरी बोलायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही.

मित्रांनो, 2029 ला तासगावचं तिकीट कुणाला, यावर आतापासून पैजा लावू नका. घरी फोन कराल तेव्हा वडिलांना, चुलत्यांना विचारा, आपल्या गटातून कोण उभं राहतंय, त्याचं किंवा तिचं शिक्षण काय, आजवर काम काय केलंय. घराण्याबाहेरचं कुणी धडपडत असेल तर त्याच्या पाठीशी उभं राहायला चुलत्यांना सांगा. आणि पुन्हा कधी झेडपीवर प्रशासक बसला, तर मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशीपासून आपण सगळ्यांनी आताच्या आमदाराला आणि पडलेल्या उमेदवारालाही पत्रं लिहायची. पहिलं पत्र मी लिहितो.