विमा कशाला काढता? वावर आहे ना!

परवा बाजाराच्या दिवशी एक गाडी माझ्या उभ्या गाडीच्या दारात घुसली. चालवणारं पोट्टं दहावीतलं. बाप उतरला आणि म्हणाला, "इन्शुरन्स-बिन्शुरन्स काय घेऊन बसले भाऊ, आपसात मिटवून टाकू." त्याच्या विम्याची मुदत केव्हाच संपलेली. अशा धाडसी मंडळींसाठी हिताच्या चार गोष्टी.

विमा संपला तर संपू द्या. १००० ते १५०० सीसीच्या खासगी कारचा थर्ड पार्टी, म्हणजे फक्त समोरच्याच्या नुकसानीचा, हप्ता २०२२ च्या दराने वर्षाला ३४१६ रुपये, वर जीएसटी. विमा नसल्याचा पहिला दंड २०००. म्हणजे १४१६ रुपये सरळ खिशात! दुसऱ्यांदा सापडलात तर ४०००, आणि तीन महिन्यांपर्यंत कैद दोन्ही वेळा होऊ शकते. तेवढे दिवस जेवणाचाही खर्च नाही.

फुल विमा, म्हणजे आपल्या गाडीचंही नुकसान भरून देणारा, असेल तर मुदतीनंतर नव्वद दिवस जाऊ द्याच. पाच वर्षं एकही क्लेम न घेता जमवलेला ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, शून्यावर येतो आणि गाडीची तपासणी झाल्याशिवाय नवी फुल पॉलिसी मिळत नाही.

काढायचाच झाला तर फक्त थर्ड पार्टी काढा आणि रात्री जंगलाच्या रस्त्यानं सुसाट निघा. रोही (नीलगाय) आडवा आला की बोनेट, रेडिएटर, काच, सगळं आपल्या खर्चानं. रोह्याचा विमा नसतो.

रपट्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालाच, लोक बघत असतात. मधेच बंद पडली की सेल्फ मारा. नाही झाली तर परत मारा. एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. मग विमा कंपनीचा सर्व्हेअर लिहितो की इंजिन पुरानं गेलं नाही, सेल्फ मारल्यानं गेलं. इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर घेतलेलं नसेल तर ते बिल तुमचं. न्यूट्रलवर ढकलत बाहेर काढून टोइंग बोलावणारे भित्रे असतात.

खासगी पासिंगच्या गाडीत खुशाल भाडं मारा. क्लेम नाकारायला कंपनीला कारण शोधावं लागू नये.

गाडी विकली की नोटरी करा आणि आरसी आपल्याच नावावर राहू द्या. उद्या घेणाऱ्यानं कोणाला उडवलं तर नोटीस तुमच्याच पत्त्यावर येईल, कारण कायद्याला आरसीवरचा मालक कळतो.

आता पोट्ट्याचं. किल्ली द्याच. "आमचा बारक्या ट्रॅक्टरसुद्धा चालवते" हे चार माणसांत सांगता आलं पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. तरी द्या. विमा असला तरी लायसन नसलेल्यानं गाडी चालवली म्हणून तुमच्या गाडीचा क्लेम जातो. समोरचा मेला असेल तर न्यायालय बरेचदा कंपनीला सांगते, त्याच्या घरच्यांना आधी पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. मालक म्हणजे तुम्ही. विमाच नसेल तर पहिल्या रुपयापासून तुम्हीच. मोटार अपघात न्यायाधिकरण जी लाखांची रक्कम ठरवते ती भरली नाही, की कलम १७४ प्रमाणे दाखला कलेक्टरकडे जातो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली सुरू होते. मग सातबाऱ्यावर बोजा, नाहीतर लिलाव. बापजाद्यांनी राखलेलं वावर, गेल्या हंगामात सोयाबीन पडत्या भावात विकूनही जे तुम्ही विकलं नाही, ते बारक्याच्या एका चक्करपायी जाते.

आणि ज्याला उडवलं तो कोण? सायकलवर दूध घालायला निघालेला, नाहीतर वेचणीहून परतणारी बाई. तिच्या घरच्यांनी वकील करायचा, तारखा करायच्या, आणि शेवटी कळायचं की समोरच्याकडं विमाच नव्हता. काहून भाऊ? पेरणीला कर्ज काढता, पोरीच्या लग्नाला मंडप घालता, मोबाईल दोन वर्षांत बदलता, आणि साडेतीन-चार हजारांच्या पॉलिसीपाशी तुमची गरिबी आठवते? लाज वाटली पाहिजे. गाडी घेताना पेढे वाटले होते ना?

पोट्ट्याच्या हातातली किल्ली काढून घ्या. मग एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका, विम्याची तारीख दिसेल. संपली असेल तर पॉलिसी हातात येईपर्यंत गाडी अंगणातून हलवू नका.